पाठ

कुताइसीत, रिओनीवरच्या पुलापाशी,
वारलाम बाबुआच्या दुकानात मी शरीरशास्त्राचं पुस्तक नेलं
तेव्हा ते नेमकं मणक्यांच्या प्रकरणात दुभंगलं होतं.
दुसऱ्या वर्षाला सगळ्यांचं तिथेच दुभंगतं, म्हणे.
मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच,
आणि तळाचे नऊ, जे मोठेपणी आपसातलं भांडण मिटवून
दोनच हाडं होऊन राहतात.
मी पाठ केले होते. पाठीवर पडून, पाठ.

त्याने पुस्तकाचा वास घेतला आणि नाक मुरडलं :
"हा सरस नाही. कारखान्याचा गोंद.
कडक होतो, म्हणून तुटतो."
मग भाजल्या वांग्याची साल निघावी
तशी जुनी पाठ सोलून काढली.
आत घडीला घडी धरून बसलेली दोऱ्याची शिवण.
मला शवविच्छेदनाचं टेबल आठवलं.
काही बोलले नाही.

इथे पुस्तकाच्या पाठीला 'कुआ' म्हणतात.
सुरीच्या बोथट बाजूलाही तेच :
धार नसलेली बाजू,
जिच्यावर अंगठा टेकवून कापता येतं.
मी त्याला आमचा शब्द सांगितला, कणा.
कण म्हणजे धुळीएवढा तुकडा;
त्याच्यापुढे एक उभी रेघ ओढली की कणा.
पुठ्ठ्याच्या कपच्यावर लिहून दाखवलं.
तो चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.
"एवढीशी रेघ ?"
त्याची स्वतःची पाठ चाळीस वर्षांत
शिवणीच्या चौकटीकडे झुकून तशीच राहिली होती.

रविवारी तिबिलिसीहून त्याची मुलगी आली, त्सिउरी.
ती धातूंना थकवते. तेच तिचं काम.
टायटॅनियमची कांडी यंत्रात धरायची, वाकवायची, सोडायची,
पन्नास लाख वेळा,
मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं
कुठल्या कणाने आधी हात सोडला.
तिच्या तेकलेच्या पाठीत (वय चौदा, वळण बावन्न अंशांचं)
मार्चमध्ये अशाच दोन कांड्या बसायच्या होत्या.
म्हातारा पुन्हा पुन्हा तेच विचारत होता :
तुटणार नाही ना ?
ती म्हणाली, तुटण्याचं मी बघते.
पण फार ताठ असली
तर शेजारचं हाड भार उचलायचं विसरतं.
बसून खातं. झिजतं.

त्याने माझं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं.
नवी पाठ आतून पोकळ केलेली :
उघडताच कातडं जरा मागे सरकलं
आणि पानं सपाट झोपली, वर दगड न ठेवता.
"मग जरा जागा सोड," तो म्हणाला, "आत."
त्सिउरी हसली,
हसत हसतच मागच्या खोलीत गेली
आणि बराच वेळ आली नाही.

एप्रिलमध्ये उरलेले पैसे द्यायला गेले
तेव्हा तेकले दारात उभी होती,
साडेचार सेंटिमीटरने उंच,
कोट गुडघ्यांच्या वर चढलेला,
हनुवटी अशी, की कुणाशी तरी भांडण काढायचंय.
बुटाची नाडी सुटली होती.
वाकायची मनाई होती.
ती चिडली होती नाडीवर, डॉक्टरांवर,
आणि माझ्यावर, कारण मी ते पाहिलं.
मी पुढे झाले.
बाबुआने हात आडवा धरला :
"राहू दे. तुला खालपर्यंत यायला वेळ लागेल.
मी आधीच अर्ध्या वाटेवर आहे."

आणि त्याने गाठ मारली,
शेवटच्या घडीला मारतात ती,
घट्ट, पण गळा न आवळणारी.
तोवर तोल जाऊ नये म्हणून
तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता,
अंगठा टेकवून.