वार

रविवारीही पेशींना भूक लागते.
म्हणून टाइन नदीच्या पुलावरून,
किटीवेक पक्ष्यांच्या कलकलाटाखालून
मी सकाळीच येते न्यूकॅसलच्या या चौथ्या मजल्यावर,
हातमोजे चढवते
आणि सदतीस अंशांचं दार उघडते.

जेलीच्या थेंबांत, भिजल्या साबुदाण्याहून बारीक,
कुणाच्या तरी नवव्या आठवड्यातल्या वारेच्या पेशी.
कुणाच्या, ते मला सांगत नाहीत.
डिशवर एक आकडा,
आणि डोरीनच्या तिरप्या अक्षरात : सांभाळून.

उलट्याच वाढतात.
पोटात जी बोटं बाहेर फुटून आईच्या रक्तात बुडायची
ती इथे आत दुमडलेली,
घाईत अंगातून ओढून टाकलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखी.
बाहेर आहे कोण, हात पुढे करायला?

गेल्या महिन्यात डोरीनने गंमत म्हणून
केमिस्टकडची पट्टी बुडवली त्यांच्या पाण्यात.
दोन रेघा.
अख्खी लॅब हसली, मीही.
मग हात धुवायला गेले ते बराच वेळ धूतच राहिले.
माझ्याही आल्या होत्या दोन.
अकरा आठवडे.

आई शहाद्याजवळच्या आरोग्यकेंद्रात तीस वर्षं नर्स होती.
फोनवर म्हणाली,
"आम्ही वार परातीत पसरून बघायचो,
लाइट गेले तर कंदील धरून.
सगळे भाग आले ना, कुठे भाकरी मोडल्यासारखी कड नाही ना.
नखाएवढा तुकडा आत राहिला
तरी बाई हातची जायची.
मग बाळाचा बाप यायचा, फडक्यात गुंडाळून न्यायचा, पुरायला.
तू काय बघतेस?"
"ती धरते कशी, ते."
"आणि सुटते कशी?"
"तेही. अजून कळलं नाही."
आई गप्प. मागे कुकरची शिट्टी.
"तुझी," ती म्हणाली,
"तिकडच्यांनी नीट बघितली होती का गं?"

मी हो म्हणाले.
खरं तर मी विचारलंच नव्हतं कुणाला.

गुलाबी पाणी पिवळं पडलंय. थेंब हलू न देता
कडेकडेने ओढून घेते, ताजं सोडते.
भिंगाखाली एक गोळा कालच्यापेक्षा मोठा,
कडेला नवा कोंब, आतच वळलेला.

झाकण लावते.
वर तारीख लिहिते.
वार लिहायची पद्धत नाही इथे.