वीतभर हवा

वैशाखातल्या एका रात्री, दीडच्या सुमाराला,
शिरोड्यात, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये
पहिली बाटली फुटली.
मग दुसरी. मग आम्ही मोजायचं सोडून दिलं.
सकाळी भिंत लालभडक,
मुंग्या आमच्या आधी हजर.
बेचाळीस बाटल्या अमृत कोकम,
आणि सावंतवाडीच्या दुकानदाराची आगाऊ रक्कम
केव्हाच साखरेत विरघळलेली.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी
झाडू आणि बादलीपुरतं बोललो.
प्रत्येकीच्या मनात एक नाव होतं
आणि ते स्वतःचं नव्हतं.
रोजालीन म्हणे, साखर मी तोलून घातली, काट्याला विचारा.
शेवंती म्हणे, रातांबे मी हातानं वेचले, एक डागी दाखवा.
जैतून काहीच म्हणाली नाही,
बाटल्या उकळताना पोळलेली बोटं तेवढी पुढे केली.
सगळ्या खरं बोलत होत्या,
म्हणून तर भांडण मिटेना.

तिसऱ्या दिवशी यशोदाबाय उठली.
हयात मिठागरात गेलेली, आमच्याकडे लेबलं चिकटवणारी.
"मिठागरात पाणी पयल्या कोंड्यातसून शेवटच्यात जाता," म्हणाली,
"मीठ काळा पडला
तर आमी शेवटच्या कोंड्याक गाळी घालूक नाय.
फळ जसा फिरला, तशे बसा बघू."

बसलो. झाडापासून झाकणापर्यंत, ओळीनं.

शेवंती सांगू लागली.
कातळावरची झाडं यंदा रुसली,
म्हणून ओहोळाकाठची फळं आणली.
जराशी पाणचट, बाकी झकास.
हे कुणाला सांगायचं असतं
हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.
रोजालीननं मान वर केली.
तिचं माप गेल्या वर्षीचं, कातळावरच्या फळाचं.
जैतून म्हणाली, नवा पत्रा घातल्यापासून
माझ्या अंगणात ऊनच येत नाही,
बाटल्या पालथ्या घालते, पण वाळतात कुठं?

मग माझी पाळी.
मी जमाखर्च लिहिणारी, माझा फळाला हातही लागत नाही.
वही उघडली तर
तितक्याच फळांतून अकरा लिटर रस जास्त,
माझ्याच अक्षरात,
आणि समोर दोन रेघा ओढून लिहिलेलं:
यंदा फायदा.

मी ते मोठ्यानं वाचलं.
कुणी बोललं नाही.
मग शेवंती हसली, एवढी हसली
की पदर डोळ्यांना लावावा लागला,
हसण्यासाठी की कशासाठी, विचारलं नाही मी.

चूक कुणाच्याच हातात नव्हती.
एका हातातून दुसऱ्या हातात जाताना
मधे जी वीतभर हवा असते,
तिथं ती आंबत बसली होती, आठवडाभर.

दुकानदाराचे पैसे दोन हप्त्यांत फेडले.
दर मंगळवारी आता जी ती शेजारणीचं काम करते.
रोजालीनला झाडावर चढता येत नाही,
ती खाली उभी राहून फांदीला सूचना देते.
मी बाटल्या धुते, वाईट धुते,
जैतून त्या पुन्हा धुते, मला न दुखवता.
भांडणं होतात. परवाच झालं, झाकणांवरून.

आज सकाळी शेवंतीनं टोपली टेकली,
घाम पुसायच्या आधी हाक दिली,
"गे रोजालीन, सालां मऊ आसत हां आज!"
रोजालीननं साखरेचा डबा पुन्हा उघडला
आणि तिथूनच ओरडली जैतूनला,
जैतून बाटल्यांचा हारा उचलून
माझ्या दारातल्या उन्हात घेऊन आली.

मी वही काढली.
फायद्याच्या रकान्याआधी
एक नवा रकाना आखला.
त्याला काय नाव द्यावं, अजून ठरत नाही.
संध्याकाळी सगळ्या आल्या की विचारीन.