सीटखालची गाठ

उंदरांनी सोडलं ते उन्हानं खाल्लं होतं.
लाल, पिवळी, निळी, पांढऱ्या रेघेची हिरवी,
साऱ्या वायरी आता एकाच रंगाच्या :
चौथ्यांदा उकळलेल्या चहाच्या.

धरणाच्या कॉलनीतल्या बागेचा
गवत कापायचा ट्रॅक्टर, वासराएवढा.
निंभोरकरांनी लिलावात घेतला
संत्र्याच्या ओळींत फिरवायला,
आणि आर्वी रोडला माझ्या टपरीपुढं उतरवला.
"तीन जनाईनं पायला," ते म्हणाले, "चौथी तू."
नकाशा नाही.
कंपनीचं नावही पत्र्यावरून पुसलेलं.

मग एकेक टोक धरून चालत राहिले.
बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून चावी,
चावीपासून कुठं तरी अंधारात.
सापडलेल्या वायरीला दोरा बांधायचा :
चावीच्या वायरीला एक गाठ, स्टार्टरला दोन,
दिव्यांना तीन.
दुपारपर्यंत ट्रॅक्टर नवस केलेल्या झाडासारखा दिसू लागला.
येणारेजाणारे विचारत, "काहून वं, सुटते का?"
मी म्हणायची, अर्थ लागत नाही अजून.

ते हसायचे. पण आमच्या धंद्यात
अर्थ म्हणजे काळी वायर,
रंग खरवडून, गंज घासून,
उघड्या लोखंडाला आवळलेली.
ती सैल असली की दिवा मिणमिणतो
आणि लोक बल्बला शिव्या देतात.
चेसिसवर तीन थर रंग निघाला :
सरकारी हिरवा, त्याखाली सरकारी पिवळा,
त्याखाली कुणाचा तरी मूळचा केशरी.
खाली लोखंड चकाकलं, बोटभर.
तिथं आवळली.

सीट उचलली तेव्हा ते दिसलं.
बसणाऱ्याचं वजन पडलं तरच इंजिन चालू द्यायचं,
उठला की बंद, असं बटण असतं सीटखाली.
त्याच्या दोन्ही वायरी कापून
एकमेकींना पिळलेल्या,
वर धोतराची चिंधी, गाठ मारलेली, नेटकी,
वळ्यांवर वळी.
आळशी माणूस अशी गाठ मारत नाही.

गाठ सोडली. बटण परत जोडलं. नियम तो नियम;
खाली पाती फिरतात.

तिसऱ्या दिवशी इंजिन धडधडलं
तसा समोरच्या पानठेल्यावरून एक म्हातारा आला,
सायकल हातात धरून.
सोमाजी कोडापे. कॉलनीत माळी होते, बावीस वर्षं.
"आवाज वळखला," म्हणाले. "बसू का?"
बसले.
इंजिन बंद पडलं.

पुन्हा चावी फिरवली. पुन्हा बंद.
मी वायर तपासायला वाकले तर ते म्हणाले,
"वायर बरोबर हाय, बाई.
मीच नाही भरत.
याले वाटे सीटवर कोनीच नाही बसलं.
सायबाले सांगतलं, तर सायेब म्हने जेवत जा.
मंग मीनंच वायरी पिळल्या."
सांगताना हसत होते. मी हसू शकले नाही.
बावीस वर्षं त्या यंत्राच्या हिशोबी
ती सीट रिकामी होती,
आणि गवत रोज कापलेलं.

बटण काढलं, उघडलं.
आतली स्प्रिंग कडक, धडधाकट माणसाच्या मापाची.
पोरीच्या दप्तरातलं पेन खोललं,
त्यातली बारीक स्प्रिंग घातली.
बोटानं दाबून पाहिली :
मांजर बसलं तरी कळेल एवढी.

"आता बसा."
बसले. इंजिन चालू राहिलं.
उतरले. थांबलं.
परत बसले, परत चालू.
असं चार वेळा केलं त्यांनी,
पाचव्यांदा उतरलेच नाहीत.
निंभोरकर आले, पाहत उभे राहिले,
घाई आहे म्हणाले नाहीत.

बिलात लिहिलं : वायर अकरा मीटर, फ्यूज तीन,
टेप, मजुरी.
स्प्रिंग लिहिली नाही.
संध्याकाळी पोरीनं घर डोक्यावर घेतलं पेनावरून.
डावा दिवा अजून लागत नाही.
उद्या बघते.