साठ प्रती

क्लास बंद पडला तेव्हा बाकं भंगारात गेली,
पंखे सरांच्या मेव्हण्यानं नेले,
रिसो तेवढा कुणालाच नको होता.
मी अकरा हजारांत घेतला. टेम्पोचे चारशे वेगळे.
दांडिया बाजार ते फतेहगंज
मोहितेकाका मागं उभे, यंत्राला धरून,
बावीस वर्षं चालवलेलं.

पहिल्यांदा बटण दाबलं तर ड्रमवर
अजून गुंडाळलेला होता शेवटचा मास्टर.
ट्रेमध्ये पडला फिजिक्सचा सराव पेपर, फिका,
प्रश्न तिसरा, दोन समांतर तारा.
काका म्हणाले, हा छापला, आणि मुलंच आली नाहीत.

आता ड्रम दोन. काळा त्यांचा.
गुलाबी मी मागवला, जुनाच,
डोळ्यांत खुपणारा गुलाबी.
काला घोडा पुलाखालची मगर छापायची आहे:
नदी गुलाबी, मगर काळी.

आधी नदी. साठ कागद
रात्रभर जमिनीवर, पंखा एकवर.
ही सोयाबीनची शाई वाळत नाही,
मुरते, लोणच्यासारखी, तिच्या सवडीनं.
सकाळी तेच साठ पुन्हा आत.
खडक्-फट. खडक्-फट.
मगर दोन मिलिमीटर सरकते,
पाठ आणि पाणी यांच्यात
कागदाची एक पांढरी चीर.

काका यंत्र थांबवतात.
हाललंय.
असू द्या.
अगं, हाललंय. असा पेपर दिला असता तर
आकृतीचे चार मार्क गेले असते पोरांचे.
मगर आहे काका, हलणारच.
हसत नाहीत. चाक फिरवतात, केसभर.
पुढच्या चार नेमक्या बसतात,
पाचवी परत हलते.
चालसे, म्हणतात, गुजरातीत,
म्हणजे मनातून पटलेलं नाही.

मी पेन्सिलीनं आकडे घालते, एक छेद साठ, दोन छेद साठ.
मोजून?
मोजून.
हे मात्र त्यांना कळतं.
साठ मुलं, साठ प्रती,
एकसष्टावी निघाली की पेपर फुटला.
परीक्षेच्या आदल्या रात्री
यंत्राशेजारी चटई टाकून झोपायचे ते,
आणि पहाटे वापरलेला मास्टर गल्लीत जाळायचे,
कारण उजेडाला धरला की
उलटे का होईना, प्रश्न वाचता येतात.

संध्याकाळी मगरीचा मास्टर
त्यांनी खोक्यातून ओढून काढला, चिकट, लिबलिबीत.
ट्यूबलाइटला धरला.
बारीक भोकांची, उजेडाची मगर,
तोंड दुसऱ्या दिशेला.
बराच वेळ पाहिली.
मग मागच्या दारी गेले, काडी ओढल्याचा आवाज आला.
मी नको म्हणणार होते.
वास तेलाचा, थोडा केसांचा.

सकाळी प्रती मोजल्या. एकोणसाठ.
पुन्हा मोजल्या, अंगठ्याला थुंकी लावून,
अंगठा गुलाबी.
नाही ती सत्तावीस नंबरची,
सगळ्यांत जास्त हललेली,
जिच्यात मगर नदीतून जवळजवळ बाहेर आली होती.

काका अकराला येतील, डबा घेऊन.
मी विचारणार नाही.
पेपर फुटला.