काळी दोनच्या जरा खाली

मस्कतच्या या वस्तीचं नाव घाला.
नवा होतो तेव्हा हसलो होतो,
काय घाला, कुणावर घाला?
एकवीस वर्षं झाली. आता हसू येत नाही.

शुक्रवारी दोन ते साडेतीन हा हॉल आमचा.
आमच्या आधी तमिळ, नंतर फिलिपिनो,
खुर्च्या कधी गार होत नाहीत.
साडेतीनला दार वाजतं
आणि पाळकसाहेब आशीर्वाद उरकतात.

पेटी मी राहुरीहून आणली, आईच्या लुगड्यात गुंडाळून.
कस्टमवाल्याने एक सूर दाबला, दचकला,
जा म्हणाला.
बाहेर अठ्ठेचाळीस, आत एसीचे अठरा,
एवढ्या जा-येत तिचे सूर थकले.
तिची काळी दोन आता काळी दोन नाही,
जरा खाली कुठेतरी टेकते,
गुडघे धरलेल्या माणसासारखी.

मग जेरूशा पाथरे, वय सतरा, जन्म इथलाच,
कीबोर्ड घेऊन आली. मागे तिचा भाऊ, गिटार.
शब्द भिंतीवर उमटू लागले,
मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.
तिथे 'ळ'ला जागा नाही.
प्रभूजवळ जाताना तो बाहेरच राहतो,
आणि मी, शांतवन उबाळे, उबाले होतो.

पूर्वी मी म्हणायचो, एकशे बारा,
आणि जोंधळ्यात वारा शिरावा तशी पुस्तकं सळसळायची.
सात कडवी. माणूस पहिल्या कडव्यात पडायचा,
चौथ्यात रडायचा,
सातव्यात कुणीतरी हात देऊन उठवायचं.
आता चार ओळी, पुन्हा त्याच, पुन्हा त्याच,
दारात उभं राहून नुसती बेल वाजवत राहावी तशा.

कीबोर्ड आणि पेटी एकत्र वाजले की दात आंबायचे.
सेक्रेटरी म्हणाले, मामा, पेटी राहू द्या.
राहू दिली.
मीच एकदा सांगितलं होतं कमिटीला, फुशारकीने,
की आजोबांनी देवळात पहिल्यांदा टाळ नेले
तेव्हा दोन वडीलजन उठून गेले होते.
तेच वाक्य सेक्रेटरींनी मला परत केलं,
चहाबरोबर.

तीन शुक्रवार मी शेवटच्या रांगेत.
मांडीवर बंद पेटी.

शेवंताबाई भोकरदनच्या. अल खौदला घरकाम,
महिन्यातून दोन शुक्रवार सुटी.
लग्नानंतर बाप्तिस्मा, अक्षरओळख कधीच नाही.
नऊ वर्षं त्या तिसऱ्या रांगेत बसल्या.
ध्रुपदापुरतं तोंड उघडायच्या,
कडवं आलं की पदराचं टोक चाचपायच्या.
मला वाटायचं, बाई अबोल आहे.

त्या शुक्रवारी त्या चार ओळी अकराव्यांदा आल्या
(मी मोजत होतो, रागाने)
आणि तिसऱ्या रांगेतून आवाज उठला,
रुंद, खरखरीत, जात्यावर पोसलेला.
भिंतीकडे न बघता
शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचला.

नऊ वर्षं मी त्यांच्यासमोर
सात-सात कडवी वाजवत होतो,
दार लावून.

उपासना संपल्यावर जेरूशा मागे आली.
मामा, एक सूर धरा.
मी भाता ओढला. तिने काहीतरी फिरवलं,
थोडं, आणखी थोडं,
दोन सुरांमधली थरथर मंदावली
आणि थांबली.
सगळं यंत्र माझ्या थकलेल्या पेटीपाशी उतरलं.
हे बटण होतं? मी विचारलं.
होतंच की. तुम्ही बोलतच नव्हता.

पापाचं कडवं आता कुणी गात नाही,
ते मला अजून खुपतं.
चार ओळींत मावणारं दुःख
मला तरी कधी झालेलं नाही.

काल सराव होता. मी म्हटलं, एकशे बारा घेऊ.
किती कडवी, मामा?
सात.
जेरूशाने भावाकडे पाहिलं.
शेवंताबाई खुर्च्या लावत होत्या,
वळून म्हणाल्या,
पहिलंच सात वेळा घ्या.