अपूर्ण वर्तमानकाळ

लातुरात नळाला आठव्या दिवशी पाणी,
तेव्हाच गल्लीतल्या आम्ही सगळ्या एका जागी.
धनमाया लाईनीत शेवटी उभी राहायची,
नेपाळची, दैलेखकडची. नवरा नरबहादूर, क्लासच्या इमारतीवर वॉचमन.
पहिल्या वर्षी तिला घागर आणि ताई, दोनच शब्द यायचे.
माझ्या मेसवर वाढताना ताटावर तळवा धरायची,
म्हणायची, पुग्यो.
पोरं हसायची. मी म्हणलं, अगं, पुरे म्हण.

रात्री दोनला नरबहादूरची काठी
टकटक करत रस्त्यानं जायची,
नीटची पोरं त्या आवाजावर निर्धास्त झोपायची.
काठी खोलीवर परतली की काय व्हायचं
ते पत्र्याला माहीत,
आणि पत्र्याला लागून माझी भिंत.

एकदा ओठ फुटलेला. मोडकंतोडकं सांगितलं तिनं:
तिकडं असं झालं की ती उठून माहेरी जायची,
एक डोंगर उतरायचा, एक चढायचा.
मग हा बगलेत कोंबडा घेऊन न्यायला यायचा,
भाऊ त्याला दिवसभर अंगणात बसवून ठेवायचे, पाणीसुद्धा न विचारता.
इथून माहेर चार दिवस.
मी म्हणलं, निभवून घे माय, लेकरू हाय पदरात.
हळद लावली. मायेनंच लावली.

सहा वर्षांत आमचीच झाली ती.
भाकरी थापते, येळवस करते,
काय करूलालीस, दुखूलालंय, सगळं आमच्यावाणी.
डोंगराचं नाव काढत नाही.
पोरगी पवित्रा पायरीवर बसून घोकते:
अपूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे क्रिया चालू आहे,
संपलेली नाही.

मागच्या पाण्याला
माझ्या सुनेच्या गालावर चार बोटं उठलेली.
माझ्याच लेकाची. सकाळीच बघितली होती मी
आणि कणीक मळत राहिले होते.
धनमायानं तिला घागर उचलून दिली,
पदरानं तोंड पुसलं, म्हणाली,
निभवून घे माय, लेकरू हाय पदरात.

एक अक्षर चुकलं नाही.
सूरसुद्धा माझाच.

बादली भरून वाहूलालती, आठ दिवसांचं पाणी,
मला तोटी फिरवायचं सुचेना.

रात्री जेवणं उरकल्यावर विचारलं,
तुझा तो शब्द काय होता गं, ताटावर हात धरून म्हणायचीस तो?
तिला आठवेना. पवित्राला तर ठाऊकच नव्हता.
मग हाताला आधी आठवला.
तळवा हवेत, खाली ताट नाही.
पुग्यो, ती पुटपुटली.

बाहेर टकटक सुरू झाली होती.
मोरीतून सून म्हणाली,
परत म्हण.