शाळा सोडल्याचं कारण

तालुक्याहून मागणी आली आहे: समाजनिहाय तक्ता,
गेल्या ऐंशी वर्षांत कारवण्यात कोण कुठवर शिकलं,
टक्केवारीसह, सोमवारपर्यंत.
शाळेत मुलं उरलीत चार, कपाटात जनरल रजिस्टरं सात,
पैकी तिसऱ्याला कसर लागलेली.

वीज नाही. खिडकीतून वाळत घातलेल्या जवळ्याचा वास.
नाव, जात, जन्मतारीख अक्षरी,
आणि पार उजवीकडे, जिथे टाक नेहमीच घाईत असे,
शाळा सोडल्याचं कारण.

बिवलकर वामन अनंत: 'पुढील शिक्षणार्थ पुणे.'
खाली त्याच्या तीन भावांपुढे नुसतं 'सदर'.
इतकं ठरलेलं, की पुन्हा लिहायचीही गरज नाही.

होडेकर अब्दुलकादर: 'बोटीवर.'
मुलापुढे 'कुवेत', नातवापुढे 'दोहा'.
मोहल्ल्यात आता तीन मजली घरं, खालपासून वर फरशी,
आणि मयताला खांदा द्यायला शेजारच्या गावाला फोन.
याला प्रगती म्हणायचं का, तक्त्यात विचारलेलं नाही.

पावशांकडे 'मासेमारी', 'मासेमारी',
आणि एकदा, अडुसष्ट साली, 'वादळ'.
कान्हा. वय वर्षे अकरा.

तांब्यांच्या नावापुढची जात तांबड्या शाईने खोडलेली,
वर बारीक अक्षरात 'बौद्ध'.
आधीच्या पानावर त्याच घरातल्या कुणासाठी शेरा: 'पडवीत बसतो.'
खोडल्यानंतरचे तांबे मात्र सातवीपर्यंत चिवटपणे टिकतात,
मध्येच एकही गळत नाही. मी दोनदा मोजलं.

आमचे भुवड बारा-तेराव्या वर्षी 'मुंबई'.
पोरी 'घरकाम'.
माझी आत्या पारू, चौथीत पहिली, 'लग्न'.
तिथे शाई फुटली आहे. मला वाटायचं, गुरुजी हळहळले असतील.
आत्या म्हणायची, चहा सांडला होता त्यांचा.

टेकाडावरच्या कातकरवाडीचा आकडा येत नाही.
पहिल्या तीन रजिस्टरांत एकही हिलम नाही,
आणि शून्याला शून्याने भागत नाहीत,
हे मीच शिकवते पाचवीला.

दुपारी बुध्या हिलम दारात, पिशवीत कागद.
कोळशाच्या भट्टीवरून आलाय, उद्या परत जायचंय.
मुलगी दहावी झाली. जातीचा दाखला हवा.
कचेरीतून सांगितलंय, पन्नासच्या आधीचा पुरावा आण,
आजा शाळेत होता अशी नोंद.

'व्हता ना बाई. हितंच व्हता.
ह्ये भिंतीचे चिरे त्यानंच वाह्यले डोक्यावरनं.'

चिऱ्यावर नाव नसतं.
तरी मी सातही रजिस्टरं काढते,
कसर बोटांना लागते, तो बाहेरच उभा राहतो, चप्पल काढून.
आज्याचं नाव नाही. बापाचं नाही.
बुध्याचं सापडतं, अठ्ठ्याण्णव साल,
कारण: 'सतत गैरहजर.'

अक्षर माझं.
नोकरीचं पहिलं वर्ष. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते
हे मला तेव्हाही ठाऊक होतं.
रकाना लहान, म्हणावं तर 'मुंबई' मावलं होतं त्यात,
'कुवेत' मावलं होतं.
'कोळसा' तीनच तर अक्षरं.

'काय लिवलंय?'
मी वाचून दाखवते.
तो मान हलवतो. 'बराबर हाय. नव्हतोच मी.'

मुलगी पायरीवर बसून फळ्यावरचा कालचा सुविचार वाचते आहे,
मोठ्याने, आणि त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक माझी आहे.

तक्ता अजून व्हायचाय.
त्याआधी मी शेऱ्यात लिहिते, 'भट्टीवर होता',
पेन्सिलीने.
शाईने दुरुस्ती करायची तर वरून मंजुरी लागते.